आठ-दहा की चार-पाच

कॅमेरा एकच, असं दादानं जिना चढता चढताच सांगून टाकलं. गाडीत जागा होती, बेबीच्या घरात नव्हती. महिनाअखेर स्टुडिओची जागा सोडायची होती. खालचं कपड्यांचं दुकान आता वरच्या मजल्यापर्यंत वाढणार होतं. अण्णा दादाकडे राहायला जाणार होते. बाकीचं सामान जुने कॅमेरे जमवणाऱ्या एका गृहस्थांनी मागितलं होतं आणि ते उद्या सकाळी माणसं घेऊन येणार होते. त्यांच्यासमोर उभं राहून 'हा सोडून सगळं न्या' एवढं बेबीला सांगता आलं पाहिजे, असं दादा म्हणाला आणि खोकी बांधायला खाली गेला.

बेबीनं पन्नाशी ओलांडून बरीच वर्षं झाली होती. चष्मा कपाळावर, हाताच्या बोटांना केमिकलचे डाग, बोलणं मोजकं. पण घरात शेंडेफळाला एकदा बेबी म्हटलं की तिचे केस पांढरे झाले तरी ती बेबीच राहते. गिऱ्हाइकंसुद्धा तिला बेबीताई म्हणत आणि त्यात कोणाला काही विचित्र वाटत नसे.

तिच्यासमोर तीन लाकडी कॅमेरे आपापल्या तिकाटण्यांवर उभे होते. स्टुडिओत त्यांना नात्यातली नावं होती. थोरला आठ-दहाचा, मधला पाच-सातचा, धाकटा चार-पाचचा. हे इंच होते, फिल्मच्या एकेका तुकड्याच्या लांबी-रुंदीचे. एखादं नवं गिऱ्हाईक हे ऐकून गोंधळे आणि विचारी, चार-पाच म्हणजे नक्की किती? आई काउंटरमागून म्हणे, चारही नाही, पाचही नाही, दोन्ही मिळून एक.

प्रत्येकाचं काही ना काही अडत होतं. थोरल्याची निगेटिव्ह एवढी मोठी की कागदावर नुसती ठेवून उजेड दाखवला की हातात धरण्यासारखा फोटो तयार. मोठं करायची गरज नाही, त्यासाठी यंत्र नको. पण त्याला उचलायला दोन माणसं लागत, त्याची फिल्म आता मिळेल तेव्हा मिळे, आणि बेबीच्या दोन खोल्यांत तो उभा केला तर दार अर्धंच उघडलं असतं. धाकटा काखोटीला मारून कुठेही न्यावा असा होता, पण त्याचा थेट फोटो तळहाताएवढा. मोठा करायचा तर एन्लार्जर हवा, आणि एन्लार्जर म्हणजे टेबलावर रोवलेला, उभ्या माणसाएवढा लोखंडी खांब. मधल्याची फिल्म तर कोणी बनवतच नव्हतं. आई होती तोवर ती अंधारात बसून थोरल्याच्या फिल्मचे दोन तुकडे करी, वर उरलेली इंचभराची पट्टीसुद्धा चाचणीसाठी डब्यात जपून ठेवी. त्या अंधारातही ती बोलत असे. कात्रीचा आवाज आणि आईचा आवाज, दोन्ही एकदमच थांबले. मधला कॅमेरा बेबीनं सगळ्यात आधी भिंतीकडे सरकवला आणि मग त्याच्याकडे पाहिलं नाही.

दादाचं मत थोरल्याला होतं. काम नाही केलं तरी शोभेला राहील, कोपऱ्यात उभा केला की खोलीला वजन येतं. त्याच्या कोपऱ्यात वजन आलं तर मला खोलीबाहेर उभं राहावं लागेल, असं बेबीनं त्याला ऐकवलं होतं. अण्णांनी मात्र मत द्यायचं नाकारलं. मी एक सांगणार, तू मुद्दाम दुसरं करणार, आणि पुढची सगळी वर्षं माझ्या नावानं खडे फोडणार. त्यापेक्षा तूच काय ते ठरव, असं म्हणून ते वर्तमानपत्रात तोंड घालून बसले.

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. थोरला अण्णांचा होता आणि धाकटा बेबीचा, आणि या दोघांवरून बाप-लेकीत जेवढी भांडणं झाली तेवढी कुठल्या घरात शेताच्या बांधावरूनही झाली नसतील. बेबीनं शिक्षण संपवून स्वतःच्या पहिल्या कमाईतून चार-पाचचा आणला, तेव्हा अण्णांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, यात माणूस मावणार नाही, फार तर त्याचा पत्ता मावेल. त्यानंतर त्यांनी त्या कॅमेऱ्याला हात लावला नाही. शपथ वगैरे घेतली नव्हती. नाही लावला, एवढंच. फोटो मोठा करणं त्यांना पटत नसे. मोठा केलेला फोटो म्हणजे फुगवलेला फोटो. बेबीही कमी नव्हती. थोरल्यापुढे बसवलेला माणूस माणूस राहत नाही, त्याची मूर्ती होते, असं ती म्हणे. मग दोन-दोन दिवस अबोला, आणि डार्करूममध्ये मात्र दोघं खांद्याला खांदा लावून उभे, कारण डार्करूम एकच होती.

होल्डरवरूनही असंच. होल्डर म्हणजे फिल्म ठेवायची चपटी चौकट, दोन्ही अंगांना एकेक फिल्म, आणि प्रत्येकीवर सरकती पट्टी. पट्टीच्या मुठीची एक बाजू पांढरी, दुसरी काळी. सगळ्या जगात पांढरी बाहेर म्हणजे फिल्म कोरी आणि काळी बाहेर म्हणजे वापरलेली. अण्णांचं उलटं. काळी म्हणजे अजून अंधारात आहे, पांढरी म्हणजे उजेड पाहून आली. त्यांच्या म्हणण्यात खोट काढायला जागा नव्हती, फक्त ते जगात एकटेच तसं करत होते. शेवटी आईनं तह घडवून आणला होता: थोरल्याला अण्णांचा कायदा, धाकट्याला बेबीचा. कोणी कोणाच्या मुलखात जायचं नाही.

पण आज बेबीचा जीव कॅमेऱ्यात अडकलेला नव्हता. तिला अण्णांचा फोटो हवा होता.

तो नव्हताच. भिंतीवर सगळ्या गावाचे चेहरे होते. नवरा-नवरी, पदवीधर, बाळसेदार मुलं, निवृत्त होणारे साहेब. अण्णा नव्हते. घरच्या फोटोंत कुठे त्यांचं कोपर, कुठे आरशात काळ्या कापडाखालचं गाठोडं. स्वतःच्या लग्नात ते फोटोग्राफरला सूचना करायला नेमके वळले, म्हणून त्या फोटोत त्यांचा फक्त कान आहे. कोणी आग्रह केला की म्हणत, न्हाव्यानं दुसऱ्या न्हाव्यापुढे मान द्यायची नसते. आणि आता त्या मानेलाच थरथर सुटली होती. मागच्या हिवाळ्यात सुरू झाली, डॉक्टर म्हणाले, वाढेल, कमी होणार नाही. उद्यापासून ही उत्तरेची खिडकी नसणार होती, तो काळा पडदा नसणार होता, आणि दादाच्या गावी बेबी वर्षातून जाऊन जाऊन किती वेळा जाणार होती.

म्हणून तिनं सकाळी चहा देता देता विचारलं होतं. अण्णांनी बशीत ओतलेला चहा संपवला आणि हो म्हणाले. अट एकच घातली.

"जो ठेवणार आहेस त्याच्यावरच काढ. जाणाऱ्याच्या पोटात मला घालून पाठवू नकोस. आणि एकदाच बसेन."

झालं. एकाच उत्तरात दोन निर्णय अडकले.

बेबीनं आधी थोरला खिडकीशी लावला. अण्णा काळा कोट घालून खुर्चीत बसले. ज्या खुर्चीत त्यांनी हजारो माणसांना बसवलं तिच्यात बसताना त्यांनी आधी तिचा एक पाय डुगडुगतोय का ते पाहिलं. बेबी काळ्या कापडाखाली शिरली. दुधी काचेवर अण्णा उलटे उमटले, डोकं खाली, खांदे वर, आणि चेहरा जवळजवळ खऱ्या चेहऱ्याएवढा. भुवईतला एकेक केस दिसत होता. लहानपणी अण्णा तिला याच कापडाखाली घेऊन उलटी आई दाखवत. आई उलटीसुद्धा बोलतेय, बघ, असं म्हणत. कापडाला तोच वास होता. हा कॅमेरा जाऊ द्यायचा हे मनात आणणंही त्या क्षणी बेबीला पाप वाटलं.

मग तिला हालचाल दिसली. एवढ्या मोठ्या काचेवर ती थरथरही मोठी दिसत होती. हनुवटीची कडा एका जागी राहत नव्हती. थोरल्याला शटर नव्हतं. भिंगाचं झाकण हातानं काढायचं आणि अण्णा 'आता कोणी काही बोलायचं नाही' हे वाक्य सावकाश म्हणत, तेवढ्यानंतर परत लावायचं. त्या वाक्याएवढा वेळ ही मान थांबणार नव्हती. चेहरा इतक्या जवळून घ्यायचा तर यापेक्षा कमी वेळात भागत नव्हतं.

ती कापडाबाहेर आली आणि उगाच खिडकीचा पडदा सारखा करू लागली.

"हलतोय ना मी?" अण्णा म्हणाले.

"नाही. उजेड बघतेय."

"उजेड ठीक आहे. धाकटा आण."

हे त्यांनी अगदी साधेपणानं म्हटलं. इतकी वर्षं ती हे भांडण जिंकायला टपलेली होती. समोरचा मात्र म्हातारा होऊन हरायला तयार झाला होता, आणि त्यामुळे जिंकण्यातली सगळी मजा गेली होती. ती म्हणाली, आपण प्रयत्न करून पाहू, मान टेकायला मागे काहीतरी लावू. अण्णा म्हणाले, मागे लोखंडी दांडा लावून बसवलेली माणसं मी पाहिली आहेत, खुंटीवरचे कोट दिसतात. वेळ घालवू नकोस.

तिनं थोरला बाजूला घेतला आणि धाकटा लावला. चार-पाचची फिल्मही शेवटचीच होती, एक होल्डर भरेल एवढी, म्हणजे दोन तुकडे. नवा डबा मागवायचा तर कुठल्या पत्त्यावर, हेच ठरायचं होतं. छोट्या काचेवर अण्णा छोटे झाले, पण शटर होतं, आणि त्याला मान थांबायची गरज नव्हती.

पहिल्या फोटोला अण्णांनी सवयीनं श्वास धरला. ओठ मिटले, नजर भिंगाच्या वर बोटभर, आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं तसं. बेबीनं शटर दाबलं. भिंतीवरच्या सगळ्या चेहऱ्यांसारखा एक चेहरा झाला, हे तिला न पाहताच कळलं. या स्टुडिओत सगळ्यांची तोंडं मिटलेली होती. आईचंसुद्धा. काउंटरच्या वर आईचा थोरल्यावर काढलेला फोटो होता, अप्रतिम, आणि मावशीनं तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं होतं, ही कोण बाई?

तेवढ्यात दादानं खालून हाक मारली, दोरी कुठे ठेवलीय. बेबी जिन्याच्या तोंडाशी गेली आणि वरूनच त्याला सांगू लागली. फोटोसाठी ओढून काढलेली पट्टी तिनं कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवली होती. शटर बंद होतं, फिल्मला काही होणार नव्हतं. पण अण्णा शटर नसलेल्या कॅमेऱ्यावर म्हातारे झालेले. पट्टी बाहेर दिसली की त्यांचा जीव वर-खाली होई. ते खुर्चीतून उठले, आणि इतक्या वर्षांत केलं नव्हतं ते केलं. धाकट्याला हात लावला. पट्टी हलक्या हातानं सरकवून बंद केली आणि परत येऊन बसले.

"बोंबलत फिरतेस आणि फिल्म उघडी," ते म्हणाले. "घातली मी."

त्यांनी धाकट्याला हात लावला, हे ऐकून बेबीला इतकं काही वाटलं की तिनं पुढे काही विचारलं नाही. तिनं पाहिलं तर पट्टीची पांढरी बाजू बाहेर. म्हणजे कोरी. अण्णांची रीत होती, पट्टी घातली की लगेच होल्डर उलटवून दुसरी फिल्म समोर आणायची. तसं केलं असेल. तिनं पट्टी ओढली.

अण्णा आता श्वास धरून बसले नव्हते. पडदा जरा जास्तच उघडलाय, डावा गाल जळेल, तुला कितीदा सांगितलं, उजेड पुरतोय की नाही ते गालावर बघायचं, मीटरवर नाही, असं त्यांचं चालू झालं. ते पुढे वाकले, बोट वर केलं. बेबीनं शटर दाबलं. आवाज इतका बारीक की बोलणाऱ्याला ऐकू येऊ नये.

"घेतलास?"

"घेतला."

"मी बोलत होतो."

"माहीत आहे."

तिनं पट्टी घातली, काळी बाजू बाहेर, आणि होल्डर तसाच घेऊन डार्करूममध्ये गेली. मागची बाजू उलटून पाहायची तिला गरज वाटली नाही. अण्णा मागोमाग आले. अंधारात दोघांनी दोन फिल्म ट्रेमध्ये सोडल्या. ती ट्रे हलवत होती, ते वेळ मोजत होते, तोंडानं, नेहमीसारखे. दिवा लावला तेव्हा एक फिल्म काचेसारखी कोरी होती. दुसरीवर दोन माणसं होती.

कोणालाच काही समजवावं लागलं नाही. अण्णांनी हात पुसले, बाहेर जाऊन स्टुलावर बसले.

"पांढरी मी माझ्या हिशोबानं घातली," ते म्हणाले. "वापरलेली म्हणून. उलटवलाही नाही, म्हटलं, तुझा कॅमेरा, तू उलटव."

बेबी म्हणाली, मी बघायला हवं होतं. अण्णा म्हणाले, हात लावत नव्हतो तेच बरं होतं. खाली दादा चिकटपट्टी ओढत होता, त्याचा फरफर आवाज येत होता. शेवटी अण्णांनीच सांगितलं, की अजून उशीर झालेला नाही, अट होती ती फोटोसाठी, आणि फोटो तर गेला. तू थोरला ठेव. माझी काही हरकत नाही, उलट बरंच वाटेल.

निगेटिव्ह वाळली तशी ती कागदावर ठेवून बेबीनं थेट प्रिंट काढला, तळहाताएवढा. पडदा काळा, कोट काळा, त्यामुळे दोन्ही चेहरे एकमेकांत फारसे मिसळले नव्हते. मागे एक अण्णा ताठ, ओठ मिटून, कुठल्याही भिंतीवर टांगावेत असे. त्याच्या खांद्यावरून पुढे वाकलेला दुसरा, किंचित मऊ, तोंड उघडं, बोट वर, मागच्यालाच काहीतरी सुनावतोय असा. मागचा त्याचं अजिबात ऐकत नव्हता.

अण्णांनी भिंग डोळ्याला लावलं. प्रिंट हातात हलत होता म्हणून तिनं तो धरला. ते मागच्यावरून लगेच पुढे गेले आणि पुढच्यावर थांबले. हा असा दिसतो होय, ते म्हणाले, आणि परत पाहिलं. मग म्हणाले, दात दिसतायत. मग म्हणाले, तुझी आई म्हणायची, तुम्ही बोलता तेव्हा तुमचं बोट आधी बोलतं.

"नीट दिसत नाही एवढ्याशात," ते म्हणाले. "मोठा कर."

बेबीनं चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना आपण काय बोललो ते कळलं होतं, पण त्यांनी शब्द परत घेतला नाही. एन्लार्जरचं आवरण काढलेलं होतं, वायर गुंडाळलेली होती, त्यावर संग्रहवाल्या गृहस्थांच्या नावाची चिठ्ठी होती. तिनं वायर सोडली. खालच्या पांढऱ्या पाटावर चेहरा उमटला तेव्हा अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले आणि वर घे म्हणाले. तिनं एन्लार्जरचं डोकं वर घेतलं. अजून वर. चेहरा पाटाच्या कडांना टेकला, थोरल्याच्या काचेवर सकाळी दिसला होता त्याच्याही पुढे गेला. फुगलाय, अण्णा म्हणाले, पण थांब म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गृहस्थ आले. मऊ बोलणारे, हातात पांढरे मोजे घातलेले. त्यांनी थोरल्याच्या पितळेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, हा नक्की द्यायचा ना. बेबी हो म्हणाली. तिचा आवाज ठीक होता. माणसांनी थोरल्याचा भाता मिटवला, तो मिटताना नेहमीसारखा सुस्कारला, आणि त्याला जिन्यातून नेताना त्याच्या पायांना लागून जिन्याच्या भिंतीचा रंग निघाला. त्याच ठिकाणी आधीही निघालेला होता, ज्या दिवशी तो वर आला त्या दिवशी. तेव्हा आईनं आरडाओरडा केल्याचं बेबीनं आईकडूनच ऐकलं होतं. ती खिडकीशी गेली नाही. मधला गेला तेव्हा मात्र गेली.

दादा वर आला तेव्हा धाकट्याशेजारी एन्लार्जर उभा होता, त्यावरची चिठ्ठी काढलेली.

"एकच म्हटलं होतं मी."

"एकच आहे. हा त्याचाच उरलेला भाग."

"कुठे ठेवणार?"

"जेवायच्या टेबलावर."

"आणि जेवणार कुठे?"

"उभ्यानं."

दादानं अण्णांकडे पाहिलं, तिथून काही मदत मिळेल म्हणून. अण्णा कोट घालत होते. ते म्हणाले, बघत काय राहिलास, खालून धर, खांबाला धरू नकोस, वाकेल. मग दादानं तळ धरला, बेबीनं डोकं धरलं आणि अण्णा पुढे झाले. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत, दर पायरीवर मागे वळून ते कुठे तिरकं करायचं, कुठे उचलायचं ते सांगत होते. सांगताना त्यांची मान डावी-उजवीकडे हलत होती. खालून कोणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, हा म्हातारा नको नको म्हणतोय. ते म्हणत होते, असंच, असंच, येऊ दे.